परवलीचा शब्द: गडाच्या दारापासून फोनच्या पिनपर्यंत

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन घालायलाही हात वर करता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. निवांत वाचा.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा विषय कसा काय? विषय आहे पासवर्ड. मराठीत याला एक जुना, झकास शब्द आहे: परवलीचा शब्द. रात्री पहारेकरी अंधारात विचारतो, "कोण आहे?" आणि समोरच्यानं ठरलेला शब्द सांगितला तरच त्याला पुढे सोडतो. म्हणजे बघा, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे हा प्रश्न होता. समोरचा माणूस तोच आहे हे ओळखायचं कसं?

मी चंदनसारला राहतो. विरार पूर्व, जीवदानीचा डोंगर नजरेसमोर. आमच्याकडे मोबाइल रिपेअरिंगची दुकानं पावलापावलावर आहेत. तिथे एक गोष्ट मी नेहमी बघतो. फोन दुरुस्तीला दिला की दुकानदार एक चिठ्ठी चिकटवतो. त्यावर ग्राहकाचं नाव, नंबर, बिघाड काय ते, आणि खाली नऊ ठिपके काढून त्यावर पॅटर्नची रेघ. काउंटरवर असे दहा-पंधरा फोन ओळीनं पडलेले असतात, प्रत्येकाची किल्ली त्याच्याच पाठीवर चिकटवलेली. दुकानदार बिचारा प्रामाणिक असतो, प्रश्न त्याचा नाहीच. पण काउंटरजवळ उभा राहणारा प्रत्येक जण ती चिठ्ठी वाचू शकतो. आणि त्या फोनमध्ये काय असतं? बँक असते, आधार असतं, घरच्यांचे फोटो असतात, सगळ्या गप्पा असतात. आख्खं घरच म्हणा ना.

तर आज आपण बघणार आहोत की कुलपं आणि परवलीचे शब्द इतिहासात नेमके कसे फुटले. कारण ते कसे फुटले हे कळलं की राखायचे कसे हेही कळतं.

वसईची तटबंदी आणि ठाण्याची बातमी

सुरुवात घराजवळून करू. १७३७ ते १७३९, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलीय. पण या मोहिमेतल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिली घटना ठाण्याची, १७३७ मधली. साष्टी बेटावर मराठ्यांनी हल्ला केला. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज बांधत होते, पण तो अजून पुरा झालेला नव्हता. आणि ही बातमी, कुठून उतरायचं, पहारा कुठे कच्चा आहे, कोण मदतीला येईल, हे सगळं मराठ्यांना आतल्या माणसांकडून मिळालं. अंजूरच्या नाईक घराण्याचं, गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांचं, नाव यात घेतलं जातं. पोर्तुगीजांच्या नजरेतून ती फितुरी होती. धर्माच्या जाचाखाली पिचलेल्या अंजूरकरांच्या नजरेतून ती सुटका होती. इतिहासात असं असतंच. पण नुसता हिशेब बघितला तर साष्टीचं काम झटपट उरकलं.

दुसरी घटना वसईच्या किल्ल्याची. तिथे तटबंदी पुरी होती, बुरूज भक्कम, एका अंगाला समुद्र. तिथे शेवटी वेढा घालून, सुरुंग लावून, सान सेबास्तियांव बुरूज उडवून आत शिरावं लागलं. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, पण तोवर दोन्ही बाजूंची हजारो माणसं पडली होती.

कॉम्प्युटरवाले ज्याला ब्रूट फोर्स म्हणतात ना, तो हा वसईचा सुरुंग. एकेक पासवर्ड लावून बघायचा, लाखो वेळा, कोटी वेळा, दार उघडेपर्यंत. महाग पडतं, वेळ जातो. म्हणून शहाणा चोर आधी ठाण्याचा मार्ग बघतो: कोणी आतली बातमी देतंय का? काही अर्धवट बांधलेलं आहे का? तुमच्या पासवर्डवर सुरुंग लावण्यापेक्षा तुम्हालाच फोन करून विचारणं त्याला कितीतरी स्वस्त पडतं.

लाल महाल: शब्द न मोडता आत

आता थोडं मागे जाऊ. ५ एप्रिल १६६३, पुणं. शायिस्ताखान लाल महालात मुक्काम ठोकून बसलाय, भोवती प्रचंड मुघल छावणी. शिवाजी महाराज निवडक माणसं घेऊन त्या छावणीतून आत शिरतात, खानाच्या थेट शयनगृहापर्यंत पोचतात, खानाची बोटं तुटतात, त्याचा मुलगा मारला जातो आणि महाराज सहीसलामत बाहेर पडतात.

आत कसे शिरले? याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. एकीत लग्नाच्या वरातीचं सोंग आहे. दुसरीत पहारेकऱ्यांनी हटकल्यावर "आम्ही छावणीतलेच दख्खनी शिपाई, चौकीवर चाललोय" असं उत्तर आहे. तपशिलावर वाद घालता येईल, पण दोन्हींत मुद्दा एकच. कोणतंही कुलूप तुटलं नाही. पहारेकऱ्याला पटेल असं उत्तर दिलं गेलं, बस. मुघलांच्या फौजेत दख्खनी शिपाई खरोखरच होते. रमजानचा महिना होता, पहारा दिवसभराच्या उपासानंतर सुस्तावलेला. थापेला खऱ्याचा आधार होता आणि वेळ अचूक निवडली होती.

आजचा फोन आठवा. "सर, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपतंय." तुमचं खातं खरंच त्या बँकेत असतं. केवायसी नावाची भानगड खरंच असते. फोन येतो तो दुपारी, तुम्ही कामात असताना. किंवा "वीजबिल भरलं नाही, आज रात्री लाइट कापणार." वीजबिल खरंच येतं आणि लाइटही खरंच जाते. थापेला खऱ्याचं अस्तर लावलेलं असतं. तंत्र साडेतीनशे वर्षं जुनं आहे, फक्त महाराजांचा हेतू या चोरांकडे नाही!

आणि सिंहगड? ४ फेब्रुवारी १६७०. गडाला पुणे दरवाजा होता, कल्याण दरवाजा होता, दोन्हींवर पहारा होता. तानाजी मालुसरे आणि मावळे कड्यावरून चढले, जिकडून कोणी येईल असं वाटतच नव्हतं तिकडून. आपल्या खात्यालाही असा एक कडा असतो. लॉगिनच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: पासवर्ड विसरलात? त्यावर टिचकी मारली की नवा पासवर्ड बनवायची लिंक ईमेलवर जाते. म्हणजे तुमचा ईमेल ज्याच्या हातात, त्याला बाकीचा कुठलाच पासवर्ड ठाऊक असायची गरज नाही. लोक बँकेचा पासवर्ड अवघड ठेवतात आणि ईमेलचा मात्र शाळेत असताना ठेवलेला तसाच. दरवाज्यावर तोफा, कडा मोकळा.

किल्ल्या कोणाकडे?

मग महाराजांनी स्वतःचे गड कसे राखले? ही गोष्ट मला लढायांपेक्षा जास्त आवडते. कृष्णाजी अनंत सभासदानं १७व्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिली, तिच्यात गडांच्या बंदोबस्ताची माहिती येते. प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सबनीस आणि एक सरनोबत. तिघेही बरोबरीचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, पहारे सरनोबताकडे. शिवाय धान्याच्या कोठारासाठी कारखानीस वेगळा. तिघे वेगवेगळ्या जातींचे असावेत हेही बघितलं जाई, म्हणजे नात्यागोत्यातून संगनमत व्हायला नको.

याचा अर्थ महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असा लावायचा का? अजिबात नाही. याच माणसांच्या जिवावर राज्य उभं होतं. पण एका माणसावर सगळा भार टाकला, तर शत्रूला फक्त त्या एकाला फोडायचं, घाबरवायचं किंवा फसवायचं काम उरतं. भार वाटून दिला की त्या एकाचीही सुटका होते. उद्या शत्रूनं त्याच्या मानेवर तलवार ठेवली तरी तो म्हणू शकतो, "माझ्या एकट्याच्या हातात नाही रे बाबा."

आज आपण ज्याला टू-फॅक्टर म्हणतो ते हेच आहे. पासवर्ड म्हणजे हवालदार, फोनवर येणारा कोड म्हणजे सबनीस. दोघांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनं कार्डावरून होणाऱ्या ऑनलाइन खरेदीसाठी ही दुसरी खात्री १ ऑगस्ट २००९पासून बंधनकारक केली. म्हणून तर ओटीपी हा शब्द आज चंदनसारच्या भाजीवालीलाही माहीत आहे.

अजून एक गंमत. जुनी मराठी राजपत्रं बघितलीत तर दोन शिक्के दिसतात. वर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला की खाली छोटी समाप्तीची मुद्रा, म्हणजे मोर्तब. ही खालची कशासाठी? तर मजकुराखाली नंतर कोणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून. कागद लांब असला, पट्टा जोडून केलेला असला, तर पाठीमागे जोडावरही शिक्का. मधला तुकडा बदलला की शिक्का जुळणार नाही. "शिक्कामोर्तब" आपण सहज बोलून जातो, पण ती एक पुरी सुरक्षाव्यवस्था होती. हा कागद ज्यानं पाठवला त्याचाच आहे ना, आणि वाटेत कोणी बदलला नाही ना, दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात होती.

आणि ओटीपीचा देशी अवतार ऐकायचाय? मुंबईचे आंगडिये आणि हवालावाले. पैसे घ्यायला येणारा माणूस तोच, हे ओळखायला ते दहा रुपयांच्या नोटेचा नंबर वापरत आलेत. इकडून नंबर कळवायचा, तिकडे माणसानं तीच नोट दाखवायची, व्यवहार झाला की ती खूण संपली. प्रत्येक नोटेचा नंबर वेगळा आणि खूण एकदाच चालते. हवाला बेकायदा आहे, ते सोडा, पण डोकं बघा!

पहिला कॉम्प्युटर पासवर्ड आणि पहिली चोरी

आता अमेरिकेत जाऊ. १९६१, एमआयटी. कॉम्प्युटर खोलीएवढा, आणि एकच. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी व्यवस्था बनवली की अनेक जण एकाच वेळी तो वापरू शकतील. आता प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, प्रत्येकाला मिळणारा वेळ ठरलेला. मग कोण कोण आहे हे ओळखायला काय करायचं? प्रत्येकाला एक शब्द दिला. कॉम्प्युटरचा पासवर्ड आला तो असा.

आणि पहिली चोरी कधी? पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये! ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळायचे, ते पुरत नव्हते. फाइल छापून मागवायची एक सोय होती. त्यानं शुक्रवारी रात्री विनंतीचं कार्ड टाकलं आणि शनिवारी सगळ्यांच्या पासवर्डची छापील यादी उचलून आणली. कॉम्प्युटरशी झटापट नाही, काही नाही. मागितलं आणि मिळालं. त्यानं हे कबूल केलं ते पंचवीसेक वर्षांनी.

१९६६मध्ये त्याहून कहर झाला. लॉगिन केल्यावर दिसणारी रोजची सूचना आणि पासवर्डची फाइल, या दोन्हींवर एकाच वेळी काम चालू असताना अदलाबदल झाली. जो कोणी लॉगिन करेल त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. इथे तर चोरच नव्हता. नुसता गोंधळ.

यातून एक शहाणपण आलं. १९७९मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं: फाइल आज ना उद्या कोणाच्या तरी हाती लागणार हे धरूनच चला. म्हणून मूळ पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचं पीठ करून साठवायचं.

पीठ म्हणजे? गिरणीचं उदाहरण घ्या. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर तो दळतो आणि साठवलेल्या पिठाशी ताडून बघतो. जुळलं तर आत. याला हॅश म्हणतात. पण दोघांचा पासवर्ड सारखाच असेल तर पीठही सारखंच दिसेल, मग एकाचा फुटला की दुसऱ्याचाही फुटला. म्हणून दळताना प्रत्येकाच्या गव्हात वेगळी चिमूट टाकायची. त्या चिमटीला त्यांनी नावच दिलं सॉल्ट, म्हणजे मीठ! खरंच, हेच नाव आहे.

याच लेखात त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एकतर अगदी छोटे होते नाहीतर शब्दकोशात वगैरे सहज सापडणारे. आणि तीस वर्षांनी काय बदललं? डिसेंबर २००९मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. कंपनीनं ते न दळता, जसेच्या तसे ठेवले होते. आणि लोकांचा सगळ्यात आवडता पासवर्ड कोणता निघाला? १२३४५६. कंपनीनंही धडा घेतला नव्हता आणि लोकांनीही नाही.

पुणे, दोनदा

परत महाराष्ट्रात येऊ. एप्रिल २००५. पुण्यात कॉल सेंटरचा जमाना. अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी गप्पांत गोडीगुलाबीनं ग्राहकांकडून पिन काढून घेतले, नोकरी सोडली आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांवर वळवले. पोलिसांनी त्यांना पकडलं. तिथे बंदोबस्त नव्हता असं नाही. ग्राहकांनीच पिन सांगितला होता, कारण समोरचा आवाज खरोखरच बँकेच्या वतीनं बोलत होता. म्हणून आजचा नियम लक्षात ठेवा: समोरचा खरा असला तरी पिन सांगायचा नाही. खऱ्या बँकेला तुमचा पिन लागतच नाही.

दुसरं पुणं २०१८चं. ११ आणि १३ ऑगस्ट, कॉसमॉस बँक. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्ड आणि पिन बरोबर आहे का, हे एटीएम ज्या यंत्रणेला विचारतं त्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक प्रश्नाला "हो, द्या पैसे" म्हणत राहिली. २८ देशांतून, आणि आपल्या कोल्हापुरातूनही, बनावट कार्डांनी पैसे निघाले. शिवाय १३ कोटींहून जास्त रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात गेली. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

ही दोन पुणं मी शेजारी का ठेवतोय? पहिल्यात माणूस फसला. दुसऱ्यात कोणाही खातेदाराची काडीची चूक नव्हती. पहारेकऱ्यालाच बदलून टाकलं होतं. पासवर्ड सांभाळा असं आपल्याला सतत सांगितलं जातं, ते बरोबरच आहे. पण कुठे काही फुटलं की लगेच "तूच काहीतरी केलं असशील" म्हणणं बरोबर नाही. रॉकयूच्या ग्राहकांनी कितीही अवघड पासवर्ड ठेवले असते तरी ते उघडेच पडले असते. काही कुलपं आपल्या हातात असतात, काही नसतात.

लाज महाग पडते

आणि इथे मला आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायचीय.

आमच्या भागात अशा घटना घडल्या की सोसायटीत कुजबुज होते, पण ज्याच्यासोबत घडलं तो गप्प असतो. एका ओळखीच्या काकूंचे पैसे गेले. त्यांनी घरात चार दिवस कोणालाच सांगितलं नाही. का? तर मुलगा ओरडेल, सून मनात हसेल. या चार दिवसांची किंमत काय असते ते बघा.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं एक परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणी घोळ घातला, आणि तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसान तुमच्या माथी. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आणि समजा तुम्हीच ओटीपी सांगून बसलात, तरी तुम्ही बँकेला कळवल्याच्या क्षणानंतर जे जाईल ते बँकेच्या डोक्यावर. म्हणजे प्रत्येक बाबतीत घड्याळ चालू असतं.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. लवकर फोन केला तर पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. चोराचे साथीदार पैसे काढायला तयारच बसलेले असतात. आपण लाजेनं गप्प बसतो तेवढा वेळ त्यांना फुकट मिळतो. आणि दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हेगार तो आहे. काकू नाहीत.

म्हणून तरुण मंडळींना माझी एकच विनंती. घरात आज जाहीर करून टाका: "पैसे गेले तर पहिला फोन मला करा, मी एक शब्दही बोलणार नाही." आणि तो शब्द पाळा. आई-बाबा, आजी-आजोबा यांच्यासाठी कुठल्याही ॲपपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं आहे. मॉरिस आणि टॉम्प्सन यांनी फाइल फुटणारच असं धरून व्यवस्था बनवली होती ना? तसंच घरात कधीतरी कोणीतरी फसेल हे धरून चाला.

मग करायचं काय?

इतिहासाचे हिशेब मांडून झाले, आता आपल्या कामाचं बोलू. चारच गोष्टी सांगतो.

एक. आधी कडा बंद करा. ईमेलचा पासवर्ड वेगळा, लांबलचक, आणि त्यावर दुसरी खात्री चालू. हे आज रात्रीच करा.

दोन. पासवर्ड लांब ठेवा. २००३मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं मार्गदर्शन काढलं होतं: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदला. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये, आपल्या त्या सल्ल्याबद्दल पस्तावा वाटतो असं जाहीरपणे सांगितलं. कारण माणसं काय करायची? शेवटी एक होता तिथे दोन करायची, एस होता तिथे डॉलरची खूण टाकायची. त्याच वर्षी निस्टनं नियम बदलले: सक्तीनं सारखं बदलू नका, लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. खलबत्ता, रिक्षा, पावटा, दुर्बीण असे काहीतरी. हेच नका वापरू, हे आता मी जाहीर केलेत! देवीचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, फ्लॅट नंबर दोनदा, हे तर नकोच. शेजारच्यालाही ओळखता येतं.

तीन. एक किल्ली एकाच दाराला. रॉकयूसारखी एखादी कंपनी फुटली की चोर तेच पासवर्ड बाकी सगळीकडे लावून बघतात. इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत हे मान्य. मग पासवर्ड मॅनेजर वापरा. आई-बाबांना तो जमत नसेल तर घरातल्या कपाटात कुलूपबंद वहीत लिहून ठेवलेलेही चालतील. विरारच्या कपाटातली वही परदेशातल्या चोराला उघडता येत नाही. फोनच्या पाठीवरची चिठ्ठी मात्र नको. फोन दुरुस्तीला देताना हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये रिपेअर मोड किंवा मेंटेनन्स मोड असतो, तो चालू करून द्या. दुकानदाराचं काम होतं, आणि तुमचं घर बंद राहतं.

चार. यूपीआय पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही. पैसे घ्यायला पिन टाक म्हणणारा शंभर टक्के चोर. आणि पासवर्ड बदलता येतो, पण अंगठा बदलता येत नाही. देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. तेव्हापासून आपला अंगठाही एक परवलीचा शब्द झालाय. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. गरज नसेल तेव्हा लॉक ठेवा.

आणि एक पाचवी, खास कॉलेजवाल्यांसाठी. "माझ्यावर विश्वास असेल तर पासवर्ड दे." हे वाक्य प्रेमात, मैत्रीत फार चालतं, आणि ऐकणाऱ्याची, विशेषतः मुलींची, मोठी पंचाईत करतं. दिला तर आपलं असं काही उरत नाही, नाही दिला तर संशय. त्यांना सभासदाच्या बखरीतली गोष्ट सांगा. महाराजांनी जिवाला जीव देणाऱ्या माणसांकडेही सगळ्या किल्ल्या एकत्र दिल्या नाहीत, आणि त्या माणसांनी त्यात अपमान मानला नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला असल्या परीक्षेत बसवायचं नसतं, आणि ज्याचा विश्वास आहे तो असली परीक्षा घेतही नाही.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात, तुमच्या घराण्यात परवलीच्या खुणांची काही जुनी गोष्ट असेल, एखादी गुप्त भाषा, व्यापाऱ्यांची सांकेतिक अक्षरं, काहीही, तर जरूर कळवा. फक्त चालू पासवर्ड कळवू नका! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.